गोष्टीत नसलेला मुलगा

कोरेगाव,
दि. ११ जुलै २०२४

चि. संयोगितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी हितं खुशाल हाय. तूबी तिकडं सांगलीत खुशाल असशील. तुझं पत्र आन् भडंगाची पिशवी एकाच दिवशी मिळाली. पत्र एकदा वाचलं, भडंग दोनदा खाल्लं.

मोबाईलवर मराठीत टाईप करायला शिक म्हणून लिहिलंस. मोबाईल हाय की, यशराजनंच बापाला घेऊन दिलाय. पण माझं बोट एका दमात दोन अक्षरं दाबतं, आन् मग जे उमटतं ते मलाच वाचता येत न्हाई. पलटणीत सगळी उमर पत्रावरच काढली, आता उरलेलीबी पत्रावरच निघंल. तोफांनी कान नेले, त्यामुळं फोनचा तर काय उपयोगच न्हाई. रविवारी यशराज जैसलमेरहून व्हिडिओ लावतो. तो पवनचक्क्यांच्या कामावर, मागं नुसती वाळू आन् उंच खांब. त्याचं तोंड हलतं, माझं तोंड हलतं. मला काय ऐकू येत न्हाई आन् त्याला काय बोलावं सुचत न्हाई. मग मी मोबाईल ढाबळीकडं फिरवतो, त्याला कबुतरं दाखवतो. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारतं. झाली ड्यूटी.

तुमच्या बायकांच्या वाचन मंडळाच्या दिवाळी अंकाला फौजी माणसाची गोष्ट पाहिजे म्हणून तू मागं लागलीस, तर ती सोबत पाठवलीय. नाव 'शेवटचा गोळा'. मास्तरणीच्या नजरेनं बघू नको. शुद्धलेखन तुझं तू कर.

बाकी विशेष न्हाई. पांढरी मादी अंड्यांवर बसंना झालीय. बसती, उठती, आभाळाकडं बघती, परत बसती. नर तिच्याभोवती घुमत फिरतो. मला ऐकू येत न्हाई, गळा फुगतो त्यावरनं कळतं. काल शेवटी वैतागून तोच बसला अंड्यांवर, आन् ही कौलावर जाऊन उन्हात पंख पसरून पडली. तुझी वैनी असती तर लय हसली असती.

तब्येत सांभाळ. माया हाय तशीच ठेव.

तुझा दादा,
हंबीरराव

०

सांगली,
दि. २४ जुलै २०२४

तीर्थरूप दादास,
संयोगिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

नदीचं पाणी वाढतं आहे. माणसं पुलावर जाऊन पाणी बघून येतात आणि जिन्यात एकमेकांना सांगत बसतात. मी विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर. इथवर कधी पाणी आलेलं नाही, तू काळजी करू नकोस. पण धान्याचे डबे उगीचच वरच्या फळीवर ठेवले. रिकामा वेळ असला की हात असलं काहीतरी करतात.

गोष्ट वाचली. रागावणार नसशील तर पुढे वाच.

तुझा नायक गोळी लागल्यावर दीड पान बोलतो. मातीबद्दल बोलतो, आईबद्दल बोलतो, झेंड्याबद्दल बोलतो. गोळी लागलेला माणूस किती बोलतो हे आमच्या मंडळातल्या बायकांना ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. मग असं का लिहिलंस? हे सगळं तू कुठेतरी ऐकलेलं आहेस दादा, पाहिलेलं नाहीस. एकदा सुट्टीवर आला होतास तेव्हा आईने लढाईचं विचारलं, तर तू म्हणालास की थंडीत हाताची कातडी लोखंडाला चिकटते. बस, एवढंच. ते एक वाक्य मला आजही आठवतं.

आणि खरं सांगू? गोष्टीची आठ पानं बाजूला ठेवून मी तुझं पत्रच पुन्हा वाचलं. ती पांढरी मादी, अंड्यांवर बसलेला तो नर. ते कुणाचं ऐकलेलं नाही. कबुतरांवर लिही. इतकी वर्षं रोज त्यांच्यापुढे बसतोस, त्यातलं काही आम्हालाही कळू दे.

घेवडा मिळाला. कोरेगावच्या घेवड्याची आमटी केली आणि एकटीने दोन दिवस खाल्ली. राग आला असेल तर पत्रातच काढ, पत्र बंद करून नको.

तुझी,
संयोगिता

०

कोरेगाव,
दि. ३ ऑगस्ट २०२४

चि. संयोगितास,
आशीर्वाद. वि. वि.

राग आला होता, चार दिवसांनी गेला. 'शेवटचा गोळा' बंबात घातला. पाणी चांगलं तापलं.

पण कबुतरांची काय गोष्ट करायची गं? तो माझा छंद हाय. पलटणीत सगळ्याचा रिपोर्ट द्यावा लागायचा. किती गोळे उडवले, किती उरले, कोण आजारी, कोण रजेवर. रिटायर होऊन आलो तवा ही एकच जागा अशी घावली, की जितं कुणाला काय सांगावं लागत न्हाई. सकाळी दार उघडायचं, ती वर जाणार, मी खाली बसणार. त्याचं लिहायला बसलो तर परत रिपोर्टच की.

तरी तुझा शब्द म्हणून एक कागद लिहिला, सोबत हाय. खोटं न्हाई, जे होतं तेच लिहिलंय. तुला माहीत न्हाई म्हणून हितंबी सांगतो. कबुतरं वर गेली की ठिपक्याएवढी होतात, मग तेबी दिसत न्हाईत. खाली बोलवायला शीळ घालावी लागती. मी अजून घालतो. पण मला माझी शीळ ऐकू येत न्हाई. ओठ बरोबर मिटलं का, हवा सरळ गेली का, वाजली का नुसतीच फुसकन गेली, काय समजत न्हाई. वर बघत बसायचं. थवा वळला की समजायचं, वाजली.

शेजारच्या भामाबाई खुणेनं सांगत होत्या की कवा कवा नुसतीच हवा जाती, तरी कबुतरं वळतात. ती माझ्याकडं बघूनच येत असतील.

एवढ्यानं गोष्ट होती का ते तूच कळव. पाणी उतरलं असं पेपरात वाचलं, बरं वाटलं. डबे आता खाली काढ, वर हात घालताना खुर्चीवर चढू नको.

तुझा,
दादा

०

सांगली,
दि. १२ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार.

सोबत राखी आहे. पोस्टाचा काही भरवसा नाही म्हणून आठवडाभर आधीच पाठवते. लवकर पोचली तर लवकर बांध. गाठ भामाबाईंकडून मारून घे, एका हाताने तुला जमणार नाही.

दादा, तुझा कागद मी मंडळात वाचून दाखवला. थवा वळला की समजायचं, वाजली, एवढं वाचून थांबले. आमच्यात एकीला दम निघत नाही, वाचन संपायच्या आत ती चहाचं बघायला उठते. तीसुद्धा बसून राहिली. मला इतका आनंद झाला, की रिक्षाने घरी आले, कुलूप काढलं आणि चप्पल काढता काढता अहो, ऐकलंत का, असं तोंडातून आलं. हे जाऊन चार वर्षं झाली, तरी तोंडाला ते कळत नाही. मग तशीच तुला लिहायला बसले.

आता मास्तरीण बोलते, ऐक. ही गोष्ट नाही, गोष्टीचा पाया आहे. वर कबुतरं आहेत, पण खाली माणूस पाहिजे. तो तुझ्यासारखा असू दे, पण तू नको. त्याला दुसरं नाव दे. तो का शीळ घालतो? त्याच्या घरात कोण आहे, कोण नाही, ते आधी ठरव. तेवढं ठरलं की गोष्ट आपोआप चालते. आणि घडलं तेच लिहायला पाहिजे असं नाही. तुझा छंद खरा आहे ना, मग त्याच्या जोरावर बाकीचं खुशाल रच.

अंक छापायला सप्टेंबरच्या शेवटी जातो. उशीर केलास तर मी स्वतः कोरेगावला येऊन समोर बसेन. खरं म्हणजे तसंही ये म्हणालास तर येईन.

तुझी,
संयू

०

कोरेगाव,
दि. १५ सप्टेंबर २०२४

चि. संयोगितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

राखी वेळेवर मिळाली. गाठ भामाबाईंनी मारली, पण लय घट्ट मारली, सोडवताना कात्री लावावी लागली.

गोष्ट पुरी झाली, सोबत हाय. गोष्टीतल्या माणसाचं नाव अर्जुना ठेवलंय. त्याची तांबडी मादी एक दिवस वर जाती आन् शीळ घातली तरी येत न्हाई. तो गावभर छपरं हुडकतो, परत येऊन ढाबळीचं दार उघडं टाकून बसतो. एवढंच. ती येत न्हाई. आपल्या ढाबळीतली तांबडी खरंच गेली होती गं, पोळ्याच्या आधी. चौथ्या दिवशी आली, पंखातली पिसं उपटलेली, ससाण्यानं धरली असणार. गोष्टीतबी तिला आणावी असं लय वाटत होतं. आणून बघितली. पण ती आली की अर्जुना उठून कामाला लागतो आन् गोष्ट सरती. म्हणून न्हाई आणली. त्या दिवशी मी खऱ्या तांबडीला दाणे जास्त टाकले.

एक सांगतो, हसू नको. लिहायला लागल्यापासनं माझी सकाळ बिघडली. आदी नुसता बसायचो. आता कबुतर उडालं की उडालं म्हणू का झेपावलं म्हणू, हे डोक्यात येतं. परवा पिल्लानं पहिल्यांदा पंख मारले आन् मी कागद आणायला आत गेलो. बाहेर आलो तवर ते उडून कौलावर बसलेलं. पहिलं उडणं चुकलं माझं. इतकी वर्षं एकाचंबी चुकलं नव्हतं.

आता पुरे. तुझा अंक झाला की परत कागद हातात धरणार न्हाई. तू ये म्हणलं तर येशील असं लिहिलंस. ये की. पण ढाबळीचा वास येतो म्हणून मागल्या खेपेला नाकाला पदर लावून बसली होतीस, ते ध्यानात हाय माझ्या.

तुझा,
दादा

०

सांगली,
दि. ६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

दिवाळी झाली. तू आला नाहीस. कबुतरांना कोण बघणार, हे कारण मला मान्य आहे, दरवर्षीच मान्य असतं. भाऊबीजेला भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, म्हणून ताट घेऊन गच्चीवर गेले. ढग होते, चंद्र दिसला नाही. थोडा वेळ थांबून खाली आले. निरांजन मात्र विझलं नव्हतं, म्हणून देवापुढे ठेवलं.

अंक निघाला, एक प्रत याच पाकिटात आहे. तुझी गोष्ट पहिली लावली आहे. मी फक्त काना-मात्रा सुधारल्या, बाकी एका शब्दाला हात लावला नाही. प्रकाशनाला बरीच मंडळी आली होती. सगळे अर्जुनाबद्दलच विचारत होते. एका बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी विचारलं, लिहिणाऱ्याला पुढेमागे कुणीच नाही का हो? मी म्हणाले, असं कसं, मी बहीण आहे, आणि चांगला कमावता मुलगा आहे. तर त्या म्हणाल्या, वाचून तसं वाटलं नाही.

एक प्रत यशराजलाही पोस्टाने पाठवली, फराळाच्या डब्यातच घालून. बापाची गोष्ट छापून आली आहे, त्याला कळायला नको? त्याने लग्नाचं काही मनावर घेतलं तर मलाही मांडवात मिरवता येईल, असंही चिठ्ठीत लिहिलं आहे.

तू कागद हातात धरणार नाहीस म्हणालास, पण मला लिहायला तरी धर.

तुझी,
संयोगिता

०

जैसलमेर,
दि. २१ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
सा. न.

पत्र कसं लिहितात ते नीट आठवत नाही. शाळेत मार्कांसाठी लिहिलं होतं तेवढंच. चुकलं तर समजून घे. फोनच करणार होतो, पण मग मी बोललो नसतो, डब्याचं कौतुक करून ठेवून दिला असता.

फराळ पोचला. करंज्यांचा चुरा झाला होता, तो आम्ही सगळ्यांनी चमच्याने खाल्ला. अंक दुपारच्या सुट्टीत वाचला. मराठी पानं हातात घेऊन बरेच दिवस झाले होते.

आत्या, गोष्ट चांगली आहे. आबा असं लिहू शकतात हे मला माहीत नव्हतं. पण तुला एक विचारायचं आहे. त्यात ढाबळीचं दार आहे ना, सायकलच्या जुन्या तारा वाकवून केलेलं? अर्जुना ते स्वतः करतो असं लिहिलं आहे. ते दार मी केलं होतं, आठवीत असताना. तार अंगठ्यात घुसली होती, वण आहे अजून. कबुतर हरवलं की अर्जुना एकटा छपरं शोधत फिरतो. छपरांवर मी चढायचो. आबा खालून हात दाखवायचे, या बाजूला, त्या बाजूला. मी इथे शंभर मीटरच्या खांबावर चढतो तेव्हा लोक विचारतात, भीती कशी वाटत नाही. मी सांगतो, लहानपणी कबुतरांच्या मागे चढायचो.

सगळं तेच आहे, कौलं तीच, तांबडी तीच, शेजारच्या भामाबाईसुद्धा आहेत. फक्त मी नाही. अर्जुनाला मूल झालंच नाही असं एका ओळीत लिहून टाकलं आहे. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

गेल्या वर्षी गणपतीत दोनच दिवस आलो, ते मला कळतं. पाटणच्या पवनचक्क्यांवर होतो तेव्हा दर शनिवारी घरी यायचो. इकडे बदली मीच मागून घेतली होती. आई गेल्यावर त्या घरात गेलं की आबा काही ऐकत नाहीत, मी काही बोलत नाही, आणि दोघं ताटाकडे बघत जेवतो. मला ते जमेना. त्याची एवढी शिक्षा असेल असं वाटलं नव्हतं.

हे आबांना सांगू नकोस. तुझ्याजवळ बोललो तेवढं पुरे. तू जप.

तुझा,
यशराज

०

सांगली,
दि. ३० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादास,
शि. सा. नमस्कार.

यशराजचं पत्र आलं आहे. तुला सांगू नकोस असं त्याने लिहिलं आहे. आयुष्यभर मुलांच्या चुगल्या ऐकल्या, कुणाच्या कुणाला पोचवल्या नाहीत. ही पहिली पोचवते आहे. पत्रच सोबत ठेवलं आहे, वाच.

घरात कोण आहे, कोण नाही, ते आधी ठरव, असं मीच तुला लिहिलं होतं. तू ठरवलंस आणि मी विचारलंसुद्धा नाही, की दादा, मुलगा कुठे गेला? गोष्ट वाचताना मला तो आठवला नाही. मी त्याची आत्या, आणि मला आठवला नाही. म्हणजे तू लिहिलंस किती सफाईने ते बघ.

का वगळलंस त्याला? मला नको सांगूस, त्याला सांग. आणि माझ्या पत्रात चार ओळी घालून नको. त्याच्या नावाचं वेगळं पाकीट कर. पत्ता खाली लिहिला आहे, नीट उतरवून घे.

तुझी,
संयोगिता

०

कोरेगाव,
दि. १० डिसेंबर २०२४

चि. यशराज यास,
आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला पत्र लिहायची ही पहिलीच येळ. मी फौजेत होतो तवा पत्रं तुझ्या आईच्या नावानं यायची, तू शेवटच्या ओळीत असायचास, चि. यशराजला पापा म्हणून. आता तूच वरच्या ओळीत हाईस, तर हात अवघडलाय.

तुझ्या आत्यानं तुझं पत्र मला धाडलं. तिच्यावर रागावू नको. मी तिला कवाच असलं काय करताना बघितलं न्हाई, म्हणजे तिला लय लागलं असणार.

दार तूच केलंस. छपरांवरबी तूच चढायचास. गल्लीतल्या आकारामच्या पत्र्यावरनं घसरलास आन् हनुवटी फुटली, तरी मुठीतलं कबुतर सोडलं न्हाईस, हेबी मी इसरलो न्हाई. यशराज, पहिल्या खेपेला मी गोष्ट लिहिली तवा तू तिच्यात होतास. अर्जुनाला मुलगा होता. दार त्यानंच केलं होतं.

मग गोष्ट पुढं गेली, अर्जुना म्हातारा झाला. मुलगा नोकरीला गेला. त्यात वाईट काय न्हाई, मीबी माझ्या बापाला ठेवून गेलो होतो. पण अर्जुना एकटा जेवतो असं लिहिलं की मला वाचणाऱ्याचं तोंड दिसायला लागलं. तो इचारतोय, मग पोरगं कुठं हाय? मी लिहिलं, लांब नोकरीला हाय. तरी तोंड वाकडंच. लिहिलं, दर रविवारी व्हिडिओ लावतो. तरी. लिहिलं, पोरगं लय चांगलं हाय. तवा तर जास्तच वाकडं झालं. जितकं तुझ्या बाजूनं लिहावं तितका तूच सापडायला लागलास. सांगलीच्या बायकांनी, ज्यांनी तुला कवा बघितलं न्हाई, त्यांनी तुला बोल लावावा, हे मला चालंना. अर्जुनाला मूलच नसंल तर बोल लावणार कुणाला? म्हणून ती ओळ लिहिली.

आमी तोफ लावली की तिच्यावर जाळं टाकायचो, जाळ्यात झाडपाला खोवायचो. वरनं बघणाऱ्याला नुसतं रान दिसलं पाहिजे. तोफ खालीच असायची. तुला मी काढलं न्हाई रं. तुझ्यावर जाळं टाकलं.

शिक्षा म्हणालास. शिक्षा कशाची? त्या ताटाकडं बघून मलाबी जेवण जात न्हाई. तू बदली मागून घेतलीस ते मला ठाऊक होतं. पाटणच्या तुझ्या एका दोस्तानं स्टँडवर मोबाईलवर टाईप करून दाखवलं होतं. मी म्हणलं, बरं केलं.

पण आता लिहायलाच बसलोय तर एक गोष्ट खरी लिहितो, हिच्यात अर्जुना न्हाई. मला हितं करमत न्हाई. कबुतरं हायत, भामाबाई भाकरी देती, आकाराम पेपर देऊन जातो. तरी करमत न्हाई. हे तुझ्या आत्यालाबी लिहिलं न्हाई कवा. तू ये असं माझं म्हणणं न्हाई. नुसतं तुला ठाऊक असावं.

खांबावर पट्टा लावल्याबिगर चढत जाऊ नको. अंगठ्याचा वण दिसतो का ते कळव.

तुझा,
आबा

०

कोरेगाव,
दि. २० जानेवारी २०२५

चि. संयोगितास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिळगुळाचा डबा मिळाला. गोड बोलायचं लिहिलंस, तर आज सगळं गोडच लिहितो असं न्हाई, पण बरंच हाय.

माझ्या पत्राला यशराजचं उत्तर आलं न्हाई. रोज आकारामला इचारायचो, पोस्टमन दिसला का. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी ढाबळ झाडत होतो, तर पांढरी एकदम उडाली. मागं कोण आलंय म्हणून वळलो तर हा उभा, पाठीवर पिशवी. उत्तर लिहायला बसलो होतो पण सुट्टीचा अर्ज लिहिला, असं तो म्हणाला. म्हणजे त्यानं तसं लिहून दाखवलं. तेच तर सांगायचंय तुला.

पहिल्या दिवशी आमचं नेहमीसारखंच. तो ओरडून बोलायचा, मी भलतंच काय तरी सांगायचो. जेवाय बसलो तर टीव्ही चालू होता, आवाज बंद. त्यानं खिशातनं कागद काढला, त्यावर लिहिलं, तुम्हाला ऐकू येत नाही, मला ऐकू यायला आवाज पाहिजे, मग हा टीव्ही कुणासाठी? मी त्याच्याच पेनानं खाली लिहिलं, घरात कुणीतरी हलतंय असं वाटतं. त्यानं ते वाचलं. उठून हात धुतला आन् परत येऊन बसला, तो नवा कागद घेऊन.

तवापासनं आमी तसंच केलं. एका चटईवर समोरासमोर बसून पत्रं. तो लिहून सरकवायचा, मी वाचून खाली लिहायचो. नमस्कार-आशीर्वाद काय न्हाई, एकदम मजकूर. त्यानं त्याच्या आईबद्दल लिहिलं. पवनचक्कीच्या खांबावरच्या एका दिवसाबद्दल लिहिलं. मीबी काय काय लिहिलं, जे पलटणीच्या रिपोर्टातबी कवा गेलं न्हाई. भामाबाई भाकरी घेऊन आली आन् म्हणाली, बापलेक परीक्षेला बसल्यात का काय? हे त्यानं मला लिहून दाखवलं तवा मी हसलो, आन् मग ती कशी म्हणाली त्याची त्यानं नक्कल केली.

काय लिहिलं ते इचारू नको. पुढच्या अंकासाठी तर मुळीच इचारू नको. कबुतरं तुला दिली, अर्जुना दिला. हे देणार न्हाई. हे गोष्टीत घालायला बसलो तर वाक्य चांगलं व्हायसाठी मी कुठंतरी खोटं लिहीन, आन् त्यातलं मला काय खोटं करायचं न्हाई.

सहा दिवस होता. तुझ्याकडं यायला जमलं न्हाई, मार्चमधी येतो म्हणालाय. काल त्याला कोरेगाव स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी लागलेलीच होती. त्याला खिडकी मिळाली. गर्दीत त्याचं ओरडणं काय मला पोचणार? त्यालाबी ते ठाऊक. गाडी हलली तवा त्यानं घाईघाईनं कागदावर काय तरी लिहिलं आन् आतनं काचेला लावून धरलं.

संयू, मला ते वाचता आलं न्हाई. काचेवर ऊन होतं, गाडी वळणाला लागलेली, आन् डोळ्यालाबी पाणी आलं होतं. अक्षरं दिसली, मोठी होती, दोन ओळी असाव्यात. तो कागद धरून माझ्याकडं बघत होता. मी वाचल्यासारखी मान हलवली, हात वर केला. तवा तो हसला आन् कागद खाली घेतला.

घरी आलो. ढाबळ उघडली. सांगायला कुणी न्हाई म्हणून तुला सांगतोय. काय लिहिलं होतंस असं त्याला पत्रात इचारता येईल. पण इचारलं तर त्याला कळंल, की मी उगीचच मान हलवली होती. तूबी इचारू नको.

हितलं सगळं ठीक. तुझी माया हाय ती पोस्टानं येत ऱ्हाऊ दे.

तुझा,
दादा